बर्फात तापणारी गाडी

वॉटफर्ड सोडून आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेला जाणार हे कळल्यावर आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी जवळजवळ सुतकच पाळलं. एकीने विचारलं, "तिथे कोथिंबीर मिळते का गं?" दुसरीने विचारलं, "तिथे माणसं असतात का?" मला दोन्हींची उत्तरं ठाऊक नव्हती. एवढंच ठाऊक होतं की तिथल्या एका खेड्यात फॅमिली डॉक्टरची जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी माझ्याशिवाय कोणीही अर्ज केला नव्हता. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्या सर्टिफिकेटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "गाडी चालवता येते का?" म्हणाले. येते म्हटलं. "मग सोमवारपासून या." पुण्याला मेडिकलची इतकी वर्षं घासली, त्याचं हे चीज.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा नवरा भूलतज्ज्ञ. त्याला नोकरी मिळाली चाळीस मैलांवरच्या शहरातल्या हॉस्पिटलात, त्यामुळे तो आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. पाच दिवस लोकांना झोपवून तो इतका दमलेला असे की उरलेले दोन दिवस स्वतः झोपायचा. या गोष्टीत त्याचं काम एवढंच.

गावातून एक अरुंद दरी आत डोंगरात जायची. चार मैल कच्चा रस्ता, मध्ये इस्टेटीच्या गेमकीपरचं घर, म्हणजे मालकाची हरणं आणि पक्षी राखणाऱ्याचं. अगदी शेवटी एक दगडी घर, त्यात ऐंशी ओलांडलेली एक विधवा बाई एकटी राहायची. हृदय कमकुवत, पाय सुजलेले, मतं मात्र ठणठणीत. तिला गावात येऊन राहा म्हणून सांगणारे तीन डॉक्टर तिच्या आधी वारले होते आणि ते ती प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायची.

हिवाळ्यात तो रस्ता बंद व्हायचा. म्हणून आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गावात वर्गणी काढून एक सेकंडहँड स्नोमोबील आणवली. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट. डॉक्टरसाहेब तिच्याकडे असे बघायचे की त्यांच्या बायकोने हेवा करावा. "लिक्विड कूल्ड आहे," ते प्रत्येक पेशंटला सांगायचे, घसा दाखवायला आलेल्यालासुद्धा. "अगदी आधुनिक."

आधुनिक म्हणजे कसं, ते मला पहिल्याच फेरीत कळलं. या गाडीला मोटारीसारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाचं गरम पाणी सीटखालच्या चपट्या नळ्यांतून फिरायचं, मागचा पट्टा फिरताना खालचा भुसभुशीत बर्फ त्या नळ्यांवर उडवायचा, बर्फ वितळायचा आणि इंजिन गार राहायचं. कल्पना उत्तमच. फक्त तिच्यासाठी भुसभुशीत बर्फ लागतो. आमच्याकडे बर्फ पडायचा, दुसऱ्या दिवशी पाऊस पडून तो वितळायचा, तिसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत त्याची काच व्हायची. काचेवरून काय उडणार? दोन मैल गेले, तो समोर लाल दिवा लागला आणि सीटखालून वाफ यायला लागली. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर बर्फ, हवा शून्याच्या आठ अंश खाली, आणि मी मध्ये बसलेली, गाडी तापली म्हणून. जखमा धुवायला नेते ती स्टीलची वाकडी थाळी बॅगेतून काढली, रस्त्याकडेचा बर्फ खरवडला आणि त्या नळ्यांवर थापत बसले.

तेवढ्यात गेमकीपर मागून त्याच्या स्नोमोबीलवर आला. ती निदान पंधरा वर्षं जुनी, पंख्याच्या वाऱ्यावर गार होणारी, घरंगळत्या डब्यांसारखा आवाज करणारी. त्याने वेग कमी केला, माझ्या थाळीकडे पाहिलं.

"दुपारचं जेवण करताय, डॉक्टर?"

"गाडी तापलीय."

"हो का. आधुनिक आहे ना," असं म्हणून तो पुढे गेला. अर्धा मैल जाऊन परत आला आणि मला त्या बाईच्या घरी पोचवून आला. वाटेत दोनदा मागे वळून माझ्या थाळीकडे पाहिलं. त्या बघण्याने मी जास्त जळले.

त्याच हिवाळ्यात माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. एसटीच्या डेपोत वर्कशॉपचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी आमच्या घराची तपासणी केली. नळ गळतो, दार घासतं, मुलगा घोरतो. पहिल्या दोन गोष्टी चार दिवसांत दुरुस्त करून टाकल्या. नंतर त्यांना काम उरलं नाही. दिवसभर खिडकीत माकडटोपी घालून बसायचे आणि संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायचे, "आज तीन माणसं गेली. एक कुत्रं." इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात. "सर्जरीला जाते" असं मी रोज सकाळी म्हणायची, तेव्हा त्यांना वाटायचं सूनबाई रोज ऑपरेशनं करते. माझी पत वाढत होती, म्हणून मी महिनाभर तो गैरसमज दूर केला नाही.

गाडी तापते हे ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कोणी त्यांना कामाचं काहीतरी सांगितलं होतं.

"रेडिएटर चोंदला असेल."

"रेडिएटर नाहीये, बाबा."

"मग गार कशाने होते?"

"बर्फाने."

त्यांनी माकडटोपी काढून ठेवली. मग म्हणाले, "यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं?"

गाडी यांनी बनवलेली नाही, बाहेरून आणलीय, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ते मान्य केलं नाही.

उपाय काही नवा नव्हता. जिथे अशा गाड्या खूप चालतात तिथे लोक पट्ट्याच्या आतल्या रुळांना दोन बाजूंनी पोलादी काड्या बसवतात. गाडी चालली की त्यांची टोकं मागे फरफटतात, गोठलेला रस्ता ओरखडतात आणि त्या चुऱ्याचे फवारे वर नळ्यांवर बसतात. त्यांना स्क्रॅचर म्हणतात. डॉक्टरसाहेबांनी कॅटलॉग मागवला आणि निवड करण्यासाठी एका दुपारी सर्जरीच्या वेटिंग रूममध्ये बैठक भरली: डॉक्टरसाहेब, गेमकीपर, मी आणि माझे सासरे. एक पेशंटही होता, त्याला कोणी विचारलं नाही.

डॉक्टरसाहेबांना स्प्रिंगच्या वेटोळ्याचे स्क्रॅचर हवे होते. कारण विचारलं तर कॅटलॉगमध्ये त्यांचाच फोटो सगळ्यांत मोठा होता. दुसरा प्रकार पोलादी दोराचा, टोकाला कठीण धातूची टोपी. तो कुठेही वाकतो म्हणून त्याला कमजोर ठरवण्यात आलं. गेमकीपर म्हणाला, "गवत ओढायच्या जुन्या यंत्राचे दात लावा. फुकटात होईल." सासऱ्यांनी तिन्ही गोष्टी माझ्याकडून मराठीत ऐकून घेतल्या आणि मान हलवली. "पाटा," ते म्हणाले. "ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यातून कापून काढतो. यांना सांग, डेपोत आम्ही पाट्यापासून काय काय केलंय."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर ते स्वतःच गेमकीपरकडे वळून म्हणाले, "लीफ स्प्रिंग. कट. हीट. बेंड. टेम्पर. ओके?"

गेमकीपरने पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली. "ड्रिल?"

"ड्रिल. टू होल्स. लॉक नट."

"स्प्रिंग वॉशर?"

"मस्ट," सासरे म्हणाले.

त्यांना चहा मागण्यापुरतंही इंग्रजी येत नव्हतं. पार्ट सगळे येत होते. आणि त्या गेमकीपरचं इंग्रजी मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, ते यांना दहा मिनिटांत कळलं. दुभाषी म्हणून माझी गरज संपली. मी त्या पेशंटला तपासायला आत नेलं.

कॅटलॉगवाल्यांनी फोनवर तीन आठवडे लागतील म्हटलं. डॉक्टरसाहेबांनी तरी मोठ्या फोटोची ऑर्डर दिलीच. तोपर्यंत पाट्याचे वापरायचे ठरलं.

पुढचे चार दिवस सासरे इस्टेटीच्या शेडमध्ये होते. एका मोडक्या ट्रेलरचा पाटा त्यांनी तापवून मऊ केला, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या, वाकवल्या, पुन्हा लालबुंद करून तेलात बुडवून पाणी पाजलं, टोकांना वेल्डिंगची गाठ चढवली. गाडी साखळीने तुळईला टांगली होती. डावीकडचं भोक आणि उजवीकडचं भोक तंतोतंत समोरासमोर यावं म्हणून त्यांनी मोजायची टेप मागितली. गेमकीपरकडची इंचांची होती, म्हणून माझी पळवली. तान्ह्या बाळांच्या डोक्याचा घेर मोजायची ती टेप काळीकुट्ट होऊन परत आली. नंतरच्या एका आईने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, आयोडीन.

काडी रबरी पट्ट्याला घासणार नाही इतकं अंतर, टोक जमिनीला किती दाबावं, सगळं त्यांनी दहादा तपासलं. शेवटी वर दोन्ही बाजूंना एकेक आकडा बसवला आणि मला बोलावलं. डॉक्टरसाहेब, गेमकीपर, सगळे उभे होते.

"हे बघ," सासरे म्हणाले, "पुढे जाताना हे मागे फरफटतील. पण रिव्हर्स टाकलास की टोक जमिनीत रुतणार. म्हणून रिव्हर्सच्या आधी उतरायचं, हे उचलायचं, आकड्यात अडकवायचं. दोन्हीकडचं. लक्षात राहील?"

"बाबा, मी डॉक्टर आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारलं," ते म्हणाले.

सुदैवाने हे मराठीत झालं. पण हसायला भाषा लागत नाही, आणि गेमकीपर हसला.

दुसऱ्याच दिवशी त्या बाईकडे जायचं होतं. रस्त्याची पुन्हा काच झाली होती. मी निघाले आणि मागून असा आवाज यायला लागला की कोणी शाळेच्या फळ्यावर खिळा ओढतंय. पण दोन्ही बाजूंनी चुऱ्याचे पांढरे फवारे उडत होते आणि लाल दिवा चार मैलांत एकदाही लागला नाही. इतकी खूश झाले की गाणं म्हणत गेले. बाईला तपासलं, गोळ्या वाढवल्या. तिने मला नेहमीप्रमाणे तीन मृत डॉक्टरांची आठवण करून दिली. बाहेर आले. तिच्या अंगणात एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सरपणाची रास. गाडी वळायला जागा नाही. मी गाणं म्हणतच रिव्हर्स टाकला.

खाडकन आवाज झाला. मग दुसरा. मग गाडी हलेना. उतरून पाहिलं तर एक पट्टी मोडून रबरी पट्ट्यात अडकली होती आणि दुसरी पुढच्या बाजूला दुमडून पोटाखाली गेली होती. आकडे दोन्ही रिकामे, स्वच्छ, चकचकीत.

बाईच्या फोनवरून गेमकीपरला बोलावलं. तो आला, वाकून बघितलं, बर्फावरच्या खुणा बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मोडका तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि आम्ही त्याच्या गाडीवरून परत आलो.

सर्जरीत डॉक्टरसाहेब आणि सासरे वाट बघत होते. सासऱ्यांनी हातात तुकडा घेतला. मराठीत विचारलं, "रिव्हर्स घेतलास का?"

आता मला कबूल करायला काय हरकत होती? काहीच नाही. पण तिथे डॉक्टरसाहेब होते, रिसेप्शनिस्ट होती, दोन पेशंट होते. गावात येऊन दोन वर्षं झाली होती आणि अजून निम्मे लोक "ते मोठे डॉक्टर आहेत का?" विचारत होते.

"नाही," मी म्हटलं. "जाता जाताच तुटलं."

"बरं," ते म्हणाले.

डॉक्टरसाहेबांनी काय झालं विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं की लोखंड टिकलं नाही. ते सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "छान प्रयत्न होता! पण काही गोष्टी फॅक्टरीवरच सोडलेल्या बऱ्या, काय?" सासऱ्यांना शब्द कळले नसतील. थाप कळली. त्यांनी तुकडा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला.

नंतर तीन आठवडे ते शेडकडे फिरकले नाहीत. पुन्हा खिडकी, पुन्हा माकडटोपी. गावात गोष्ट पसरली होती. पोस्टात, किराणा दुकानात लोक मला सहानुभूती दाखवायचे: सासरे मेकॅनिक आहेत म्हणे, असतं असं कधीकधी, वय झालं की. मी मान डोलवायची. मी रोज वीस लोकांना खरं सांगा म्हणून दटावत होते, सिगारेट किती, व्हिस्की किती. माझं निदान या बाबतीत फार तयार होतं, फक्त दुसऱ्यांचं.

शेवटी पार्सल आलं. उघडलं तर कॅटलॉगवाल्यांनी चुकून मोठ्या फोटोऐवजी पोलादी दोराचे पाठवले होते. डॉक्टरसाहेबांनी परत पाठवतो म्हटलं. सासऱ्यांनी एक उचलून हातात मागे-पुढे वाकवून पाहिला. दोन्हीकडे सारखाच वाकला. "हाच," ते म्हणाले. डॉक्टरसाहेबांना हे मराठीतही कळलं.

शनिवारी दुपारी ते पुन्हा शेडमध्ये गेले. गेमकीपर डोंगरावर होता, नवरा झोपला होता, म्हणून बॅटरी धरायला मी. सूचनांचा कागद कुठल्या तरी थंड देशाच्या भाषेत होता. सासऱ्यांनी चित्रं बघितली, जुनी भोकं बघितली, नवी पाडली. गाडीखाली आडवे पडून नट आवळत होते. मी बॅटरी धरून उभी. त्यांचे फक्त पाय दिसत होते, लोकरी मोजे आणि कोल्हापुरी चप्पल. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच जमलं असेल.

"बाबा, मी रिव्हर्स घेतला होता."

पाना थांबला नाही. "ठाऊक आहे. पुढे जाताना तुटला असता तर मागे वाकला असता. हा पुढे वाकलाय. बॅटरी जरा डावीकडे घे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तेरा नंबरचा पाना दे."

मी दिला. त्यांनी एक नट पूर्ण आवळला, मग दुसरा. मग खालूनच म्हणाले, "तुला इथे राहायचंय. मी मार्चमध्ये जाणार. त्या थापेने माझं काय बिघडलं? डेपोत बत्तीस वर्षं ड्रायव्हर लोकांनी क्लच जाळले आणि येऊन सांगितलं, फोरमनसाहेब, पार्टच खराब होता. तू काही पहिली नाहीस."

एसटीच्या ड्रायव्हरांच्या रांगेत मला बसवून ते गाडीखालून बाहेर आले. कपाळाला ग्रीस लागलं होतं. मी रडायच्या बेतात होते, म्हणून त्यांनी हातपुसणं पुढे केलं. तेही ग्रीसचंच.

सोमवारी सर्जरीत मी सगळ्यांसमोर सांगितलं: पाटा चांगला होता, मी आकड्यात अडकवायला विसरले आणि वर खोटं बोलले. मोठं धैर्याचं काम करतेय अशा थाटात सांगितलं. रिसेप्शनिस्ट म्हणाली, "हो, कळलं होतं आम्हाला." गेमकीपरने खुणा बघितल्या होत्या, बायकोला सांगितलं होतं, बायकोने पोस्टात, पोस्टाने बाकीच्यांना. किराणा दुकानातली ती सहानुभूती सासऱ्यांसाठी नव्हतीच, मी किती दिवस तग धरते याची ती परीक्षा होती. एकटे डॉक्टरसाहेब आश्चर्याने बघत राहिले. त्यांना गावात कोणी काही सांगत नसे. ते त्याच संध्याकाळी व्हिस्कीची बाटली घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि सासऱ्यांचा हात धरून लांबलचक माफी मागितली. सासरे दारू पीत नसत. त्यांनी बाटलीचं बूच वास घेऊन तपासलं आणि म्हणाले, "गुड सील."

नव्या स्क्रॅचरनी हिवाळा निभावला. मी अंगणात तीनदा तरी मुद्दाम रिव्हर्स घेतला, काही झालं नाही. मार्चच्या आधी एकदा सासऱ्यांना मागे बसवून त्या बाईकडे नेलं. ती तिच्या दारातून आणि हे सीटवरून, एकमेकांकडे बघत राहिले. तिने मला विचारलं, हा नवा डॉक्टर का? मी म्हटलं नाही, माझे सासरे, मेकॅनिक. "मग हा टिकेल," असं म्हणून तिने त्यांना आत बोलावलं. मला तिने कधी चहा दिला नव्हता. त्यांना दिला, वर केकचा तुकडा. त्यात अंडं आहे हे मी सांगणार होते, पण त्यांनी तो आधीच संपवला होता.